नव्या मत्स्यटाकीला जुन्या गाळणीचे विरजण

शहरातील घरात नवी मत्स्यटाकी येते तो दिवस बहुधा रविवारचा असतो. सकाळी क्रॉफर्ड मार्केटमधून किंवा जवळच्या दुकानातून काचेची दोन फुटी टाकी, रंगीत खडी, एअर पंप आणि फिल्टर आणला जातो. दुपारी नळाचे पाणी भरले जाते आणि संध्याकाळी प्लॅस्टिकच्या पिशवीतून आणलेले मासे त्यात सोडले जातात. पहिले दोन-तीन दिवस सारे आलबेल असते. त्यानंतर पाण्यावर दुधाळ छटा येते, मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करू लागतात आणि आठवडा-दोन आठवड्यांत एकेक मासा तळाशी आडवा पडलेला आढळतो. दुकानदार सगळे पाणी बदलण्याचा सल्ला देतो, निळ्या औषधाची बाटली देतो आणि नवे मासेही देतो. दोन-तीनदा असे झाले की घरातील मुले हिरमुसतात आणि टाकीची रवानगी माळ्यावर होते.

या माशांना सहसा कोणताही रोग झालेला नसतो. ते स्वतःच्याच उत्सर्जनातून पाण्यात साठलेल्या अमोनियामुळे मेलेले असतात. जगभरातील मत्स्यपालक या प्रकाराला ‘न्यू टँक सिंड्रोम’ म्हणतात. त्यावरील सर्वांत खात्रीचा उपाय जवळजवळ बिनखर्चाचा आहे. ज्या टाकीत मासे अनेक महिन्यांपासून सुखरूप आहेत, अशा टाकीत नवा फिल्टर आधी काही आठवडे चालवून घ्यायचा आणि मगच तो नव्या टाकीला लावायचा. दूध कितीही चांगले असले तरी विरजणाशिवाय त्याचे दही होत नाही. नव्या टाकीचेही तसेच आहे.

दिसत नाहीत ते कामगार

मासा अमोनिया मुख्यतः कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. उरलेले खाद्य आणि विष्ठा कुजूनही अमोनिया तयार होतो. नदीत किंवा तळ्यात पाण्याच्या प्रचंड साठ्यामुळे तो विरळ होतो. पन्नास लिटरच्या टाकीत तो जाणार कुठे? तेथे त्याची विल्हेवाट लावतात ते विशिष्ट जिवाणू. एक गट अमोनियाचे रूपांतर नायट्राइटमध्ये करतो, दुसरा गट नायट्राइटचे नायट्रेटमध्ये. अमोनिया आणि नायट्राइट ही दोन्ही माशांना घातक आहेत. नायट्राइट रक्तातील हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता हिरावून घेते, त्यामुळे बाधित माशाचे कल्ले लाल न दिसता चॉकलेटी दिसू लागतात. नायट्रेट त्या मानाने पुष्कळ निरुपद्रवी असून ठराविक काळाने थोडे पाणी बदलले की ते आटोक्यात राहते.

जमिनीतील अशा जिवाणूंना वेगळे करून त्यांचे कार्य उलगडण्याचे श्रेय रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राद्स्की यांच्याकडे जाते. १८९०च्या सुमारास झ्युरिक येथे त्यांनी हे संशोधन केले. पुढे अनेक दशके मत्स्यपालनाच्या पुस्तकांत ‘नायट्रोसोमोनास’ आणि ‘नायट्रोबॅक्टर’ या दोन नावांची जोडी ठरून गेली होती. १९९८ मध्ये टिमोथी होव्हानेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोड्या पाण्याच्या टाक्यांतील नायट्राइटचे काम ‘नायट्रोबॅक्टर’ नव्हे, तर ‘नायट्रोस्पायरा’ गटातील जिवाणू करतात असे दाखवून दिले. २०१५ मध्ये तर अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचा सारा प्रवास एकट्याने करणाऱ्या ‘नायट्रोस्पायरा’चा शोध लागला आणि त्यातील एक नमुना नेदरलँड्समधील मत्स्यपालन यंत्रणेच्या जैविक फिल्टरमधून मिळालेला होता. शास्त्रीय नावांचा हा घोळ सामान्य हौशी माणसाला ठाऊक असण्याची गरज नाही. तरीही त्यातून एक गोष्ट कळते. बाटलीवर जुनीच दोन नावे छापून विकले जाणारे ‘जिवाणू द्रव्य’ आणि चालत्या टाकीच्या फिल्टरवर प्रत्यक्ष नांदणारी वसाहत या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात.

या जिवाणूंची वाढ अतिशय संथ असते. अनुकूल परिस्थितीत ‘ई. कोलाय’सारखा जिवाणू सुमारे २० मिनिटांत दुप्पट होतो. नायट्रीकरण करणाऱ्या जिवाणूंना त्यासाठी अर्धा दिवस, एक दिवस आणि कधी त्याहूनही अधिक काळ लागतो. म्हणूनच कोऱ्या टाकीत त्यांची पुरेशी वसाहत उभी राहण्यास चार ते सहा आठवडे जातात. पहिल्या आठवड्यात अमोनिया चढतो, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात नायट्राइट, आणि ही दोन्ही शून्यावर येऊन नायट्रेट दिसू लागले की टाकी ‘सायकल’ झाली असे म्हणतात. रविवारी टाकी भरून रविवारीच मासे सोडणाऱ्याला हा महिनाभराचा हिशेब कुणी सांगितलेला नसतो.

जुने पाणी पुरेसे नाही

अनुभवी म्हणविणारे अनेकजण येथे एक सल्ला हमखास देतात, ‘जुन्या टाकीतले दोन बादल्या पाणी नव्या टाकीत ओता, काम होईल.’ काम होत नाही. हे जिवाणू पाण्यात मोकळे पोहत नाहीत. ते स्पंज, सिरॅमिक रिंग, खडी, लाकूड अशा पृष्ठभागांवर चिकट थर करून राहतात. ज्या ठिकाणी पाणी सतत वाहते आणि प्राणवायू मुबलक मिळतो तेथे त्यांची दाटी सर्वाधिक असते, म्हणजेच फिल्टरमध्ये. जुन्या पाण्यातून नव्या टाकीत जाते ते प्रामुख्याने नायट्रेट. पाण्याचे गुणधर्म जुळविण्यापुरता त्याचा उपयोग आहे, जिवाणू आणण्यासाठी नाही.

खरे विरजण म्हणजे फिल्टरमधील तो मळकट, तपकिरी स्पंज. नेमका तोच घरोघरी नळाखाली धरून पांढरा होईपर्यंत धुतला जातो. महापालिकेच्या पाण्यातील क्लोरिन हा जंतू मारण्यासाठीच घातलेला असतो आणि तो उपयुक्त व अपायकारक असा भेद करीत नाही. पावसाळ्यात ही मात्रा अनेकदा वाढविली जाते, तर सोसायटीची टाकी ब्लीचिंग पावडरने धुतल्यानंतर एक-दोन दिवस नळाला उग्र वास येतो. अशा पाण्यात स्पंज धुणे म्हणजे वर्षभर जोपासलेली वसाहत पाच मिनिटांत संपविणे. स्पंज धुवायचाच असेल तर टाकीतून काढलेल्या पाण्याच्या बादलीत दोन-तीनदा हलकेच पिळावा. तो स्वच्छ दिसला नाही तरी चालेल, किंबहुना दिसूच नये.

फिल्टर शेजारी ठेवण्याची रीत

सर्वांत सोपी पद्धत अशी, की नव्या टाकीसाठी घेतलेला फिल्टर जुन्या टाकीत, तिच्या स्वतःच्या फिल्टरच्या जोडीला, चार ते सहा आठवडे अखंड चालवावा. जुना फिल्टर या काळात बंद करू नये. एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर यासाठी उत्तम, कारण तो स्वस्त असतो, कोपऱ्यात मावतो आणि हलविताना त्यातले काहीही सांडत नाही. टाकीच्या काठावर अडकविण्याचे किंवा पाण्यात बुडवून ठेवण्याचे फिल्टरही चालतात. कॅनिस्टर मोठा असल्याने तोच जोडणे शक्य नसेल, तर त्यातील सिरॅमिक रिंग जाळीच्या पिशवीत भरून जुन्या फिल्टरच्या प्रवाहात ठेवाव्यात. ही पिशवी टाकीच्या तळाशी कोपऱ्यात टाकून ठेवली तर फारसा लाभ होत नाही, कारण जिवाणूंना खाद्य आणि प्राणवायू दोन्ही वाहत्या पाण्यातूनच मिळतात.

इतका धीर नसेल तर दुसरा मार्ग आहे. जुन्या फिल्टरमधील माध्यमाचा काही भाग, एक स्पंज किंवा मूठभर रिंग, थेट नव्या फिल्टरमध्ये ठेवावा. जुन्या टाकीतून एका वेळी एक-तृतीयांशापेक्षा जास्त माध्यम काढू नये. जुना स्पंज नव्या टाकीत पिळून त्याचा गाळ नव्या फिल्टरमध्ये ओढला जाऊ द्यावा, असाही प्रघात आहे. पाणी काही तास गढूळ होते आणि घरातील मंडळी नाके मुरडतात, पण थोडाफार उपयोग निश्चित होतो. मात्र त्याला संपूर्ण वसाहतीची सर येत नाही. जुन्या टाकीतील वाटीभर खडी किंवा एखादे लाकूड सोबत आणले तर उत्तमच.

वाटणीचा हिशेब

या पद्धतीबाबत एक गैरसमज रूढ आहे. नवा फिल्टर जुन्या टाकीत महिनाभर चालला म्हणजे आता दोन पूर्ण ताकदीचे फिल्टर तयार झाले, असे समजले जाते. तसे होत नाही. जिवाणूंची एकूण संख्या उपलब्ध अमोनियावर ठरते आणि जुन्या टाकीतील मासे व त्यांचे खाद्य तेवढेच राहिलेले असते. दोन फिल्टर झाले की तीच वसाहत दोघांत वाटली जाते. घर एकच, चुली दोन, शिधा तेवढाच.

यावरून दोन गोष्टी निघतात. नवा फिल्टर उचलल्यावर जुन्या टाकीची क्षमता काही दिवस घटलेली असते, त्यामुळे तेथे खाद्य निम्म्यावर आणावे आणि आठवडाभर अमोनियावर लक्ष ठेवावे. दुसरे असे, की नव्या टाकीत पहिल्याच दिवशी जुन्या टाकीइतके मासे सोडता येत नाहीत. समजा जुन्या टाकीत एकसारख्या आकाराचे बारा मासे आहेत आणि दोन्ही फिल्टरमधून साधारण सारखेच पाणी वाहत होते. अशा वेळी नव्या फिल्टरने प्रारंभी पाच-सहा माशांचाच भार पेलावा, अशी अपेक्षा रास्त ठरते. सर्वांत निर्धोक तोडगा म्हणजे नव्या टाकीतील पहिले मासेही जुन्या टाकीतूनच न्यावेत. मग मासे आणि त्यांचे जिवाणू एकाच प्रमाणात हलतात व दोन्हीकडचा तोल राहतो.

सुबत्तेसाठी आठ सोनेरी आणि एक काळा असे नऊ गोल्डफिश ठेवण्याची फेंगशुईची प्रथा शहरांत बरीच पसरली आहे. गोल्डफिश हा भरपूर खाणारा आणि भरपूर उत्सर्जन करणारा मासा आहे. दोन फुटी टाकीत असे नऊ मासे एकदम सोडले तर कोणताही फिल्टर, मुरलेला असो वा कोरा, हात टेकतो. काचेच्या गोल भांड्यात फिल्टरला जागाच नसते, त्यामुळे त्याविषयी न बोललेले बरे.

हलविताना

फिल्टर बंद झाल्याक्षणी त्यातील प्राणवायू घटू लागतो. उघडा स्पंज काही तास तग धरतो, बंद डब्यासारख्या कॅनिस्टरमधील पाणी मात्र लवकर कुजकट होते. म्हणून नवी टाकी आधी भरून, पाण्याचा क्लोरिन घालवून, तापमान जुळवून तयार ठेवावी आणि फिल्टर सर्वांत शेवटी हलवावा. एकाच घरात दोन टाक्या असतील तर हे पाच मिनिटांचे काम आहे. मित्राच्या घरून, समजा पुण्याहून मुंबईस, आणायचा असेल तर स्पंज मोठ्या पिशवीत घालून तो ओला राहील इतकेच जुन्या टाकीचे पाणी घ्यावे आणि उरलेल्या जागेत भरपूर हवा राहू द्यावी. बादलीत पूर्ण बुडवून घट्ट झाकण लावण्यापेक्षा हे बरे. स्पंज वाळता कामा नये आणि बंद मोटारीत उन्हात तापताही कामा नये. प्रवासात वीज खेळणारा कुणी नसतो, पण बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप मिळतो. घरातील वीज गेल्यावरही तो उपयोगी पडतो.

नव्या टाकीतील नळाचे पाणी उघड्या बादलीत चोवीस तास ठेवून, शक्यतो त्यात एअर पंपाने हवा सोडून, क्लोरिनमुक्त करता येते. घाई असल्यास सोडियम थायोसल्फेट, म्हणजे छायाचित्रकारांचा जुना ‘हायपो’, हेच काम काही मिनिटांत करतो. दुकानात ‘अँटिक्लोरिन’ म्हणून मिळणाऱ्या द्रवांत बहुतेकदा तोच असतो.

पाण्याचा सामू, म्हणजेच पीएच, येथे दुहेरी भूमिका बजावतो. पाण्यातील अमोनियाचा काही भाग विषारी मुक्त स्वरूपात, तर उरलेला त्या मानाने सौम्य अमोनियम स्वरूपात असतो. २८ अंश सेल्सियसला सामू ७ असताना मुक्त अमोनियाचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी असते, सामू ८ झाला की ते सहा-सात टक्क्यांवर जाते. म्हणजे चाचणीत तोच आकडा दिसत असला तरी बोअरवेलच्या जड, अल्कधर्मी पाण्यात तो कितीतरी अधिक घातक ठरतो. उलट, नायट्रीकरणाची क्रिया पाण्यातील क्षारता खर्च करते. एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे सुमारे सात मिलिग्रॅम क्षारता संपते. मुंबईला तलावांतून मिळणारे पाणी मुळातच मृदू असल्याने तेथील दुर्लक्षित टाक्यांचा सामू हळूहळू घसरत जातो आणि तो ६च्या खाली आला की जिवाणूंचे काम मंदावते. फिल्टरमध्ये शिंपल्यांच्या चुऱ्याची छोटी पुरचुंडी ठेवणे हा त्यावरचा साधा इलाज आहे.

जुनी टाकी म्हणजे चांगली टाकी नव्हे

विरजण आंबट असेल तर दहीही आंबटच लागते. ज्या टाकीतून फिल्टर घ्यायचा तिची आधी चाचणी करावी. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आणि नायट्रेट मोजता येण्याजोगे, हे मुरलेल्या टाकीचे लक्षण. टाकी पाच वर्षांची आहे एवढे सांगणे पुरेसे नाही. गेल्या दोन महिन्यांत तेथे मासे आजारी पडले असतील, अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले असतील किंवा औषधे टाकली गेली असतील, तर त्या टाकीचा स्पंज घेऊ नये. परजीवी आणि गोगलगाईंची अंडी स्पंजाबरोबर विनासायास प्रवास करतात. दुकानातील टाक्यांचे माध्यम फुकट मिळत असले तरी ते टाळावे, कारण तेथे दर आठवड्याला नवे मासे येतात आणि त्यांचे रोगही. निळे औषध म्हणजे मेथिलीन ब्ल्यू बुरशीवर गुणकारी आहे, पण ते जैविक फिल्टरलाही मारक ठरते. नव्या टाकीत ‘खबरदारी म्हणून’ ते ओतण्याची रीत त्यामुळेच आत्मघातकी आहे.

गोड्या पाण्यात मुरलेला फिल्टर सागरी टाकीला लावून उपयोग होत नाही. खारट पाण्यात काम करणारे जिवाणू वेगळे असतात आणि अचानक क्षारबदल झाल्यास आधीची वसाहत बव्हंशी निकामी होते. सागरी टाकीसाठी विरजणही सागरी टाकीचेच हवे.

मासे लगेच सोडायचे नसतील

जिवाणूंनाही रोजचा शिधा लागतो. मुरलेला फिल्टर रिकाम्या टाकीत नुसता फिरत ठेवला तर वसाहत हळूहळू रोडावते. मासे त्याच दिवशी सोडावेत, किंवा बाहेरून अमोनिया द्यावा. कल्हईवाल्याकडचा नवसागर म्हणजेच अमोनियम क्लोराइड. मात्र बाजारातील नवसागर अशुद्ध असू शकतो, त्यामुळे प्रयोगशाळेच्या प्रतीचे शुद्ध अमोनियम क्लोराइडच वापरावे. १०० लिटर पाण्यात सुमारे ०.६ ग्रॅम घातले की अमोनियाची पातळी लिटरला दोन मिलिग्रॅमच्या आसपास येते. चोवीस तासांनी चाचणी घेतल्यावर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आढळले, तर फिल्टर सज्ज आहे. तसे नसेल तर टाकीत मासे नाहीत याचा आनंद मानून आणखी काही दिवस थांबावे.

मासे सोडल्यानंतरचे दोन आठवडे चाचणीचे आहेत. पहिले सात दिवस रोज, त्यानंतर एक दिवसाआड अमोनिया आणि नायट्राइट तपासावे. कागदी पट्ट्यांपेक्षा थेंबांच्या चाचणीसंचाचा निकाल अधिक भरवशाचा असतो. खाद्य दिवसातून एकदाच, दोन मिनिटांत संपेल इतके द्यावे. नायट्राइट लिटरला अर्धा मिलिग्रॅमवर गेले तर लगेच एक-तृतीयांश ते निम्मे पाणी बदलावे, क्लोरिन काढलेले पाणी वापरून. अशा वेळी लिटरला अर्धा ते एक ग्रॅम जाडे मीठ विरघळवून टाकल्यास त्यातील क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून शरीरात शिरण्यास अटकाव करते. मांजरमाशांच्या काही जाती आणि नाजूक पाणवनस्पती मात्र मीठ सहन करीत नाहीत. सारे ठीक असल्यास दर दोन आठवड्यांनी दोन-तीन मासे वाढवीत जावे.

नवी टाकी स्थिरावल्यावरही एक जादा स्पंज फिल्टर मोठ्या टाकीच्या कोपऱ्यात कायम चालू ठेवण्याची सवय अनेक जाणते मत्स्यपालक पाळतात. एखादा मासा आजारी पडला किंवा नवे मासे वेगळे ठेवायचे झाले, की साधी प्लॅस्टिकची बादली किंवा छोटी टाकी भरून त्यात हा स्पंज लावला जातो आणि तासाभरात रुग्णटाकी तयार होते. आजारी माशाजवळ वापरलेला तो स्पंज मोठ्या टाकीत परत जात नाही. तो उकळून, उन्हात वाळवून ठेवला जातो आणि कोपऱ्यात त्याच्या जागी नवा लावला जातो.